राब सोडायचा तर आधी झाडांचं बघू

चि. ताई,

अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. रोपाची जागा टहाळ-पातेरा रचून भाजायची आपली रीत, म्हणजे राब, त्यानं धूर होतो, मातीतले जीव मरतात, झाडं बोडकी होतात, असं तुला कॉलेजात शिकवलं आणि तू म्हणालीस, "बाबा, यंदापासून आपण राब बंद करू." मी नाही म्हणणार नाही. पण आपलं वर्षाचं निम्मं काम त्या राबाशी बांधलेलं आहे. त्यातलं काय सुटेल आणि काय तुटेल, हे तुला आधी सांगतो. मग आपण मिळून ठरवू.

तू राब भाजताना पाहिलास तो लहानपणी, लांबून. आता नीट ऐक. माघ-फाल्गुनात ऐनाच्या झाडाची टहाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, काढायची. कमरेच्या आकडीत कोयता, पायात काही नाही, आणि झाडावर गेलं की पहिला नियम शेंडा राखायचा. शेंड्याला कोयता लावणारा माणूस आपल्या वाडीत कामाचा समजत नाहीत. बगलेच्या फांद्या घ्यायच्या, त्याही खोडापासून वीतभर सोडून, म्हणजे तिथून पुन्हा धुमारे फुटतात. एकदा टहाळ काढलेलं झाड पुढची दोन-तीन वर्षं मोकळं सोडायचं. कोणत्या बांधावरच्या कोणत्या झाडाची पाळी यंदा आहे, हे तुझ्या आजोबांच्या डोक्यात असायचं. आता माझ्या आहे, कागदावर कुठंच नाही.

चैत्र-वैशाखात राब रचायचा. खाली शेण पसरायचं, त्यावर टहाळ, त्यावर पातेरा, मग गवत, आणि सगळ्यात वर चाळल्यासारखी बारीक माती. ही वरची माती फार महत्त्वाची. ती नसली तर राब भसाभसा जळून जातो आणि खालची जमीन कच्चीच राहते. जाळ लावायचा तो वारा पडल्यावर, आणि वारा जिकडं जातोय त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकते आणि ऊब जमिनीत मुरते. भोवतीचं गवत आधी हातभर रुंद खरवडून काढायचं आणि माणूस तिथून हलायचा नाही. वर भीमाशंकरचं अभयारण्य आहे. एक ठिणगी सुक्या गवतात गेली तर डोंगर पेटतो, आणि शेकरूची घरटी काय, आपली गुरांची वैरणसुद्धा राहत नाही.

एवढं करून मिळतं काय, तर तणाचं बी जळालेली, राखेनं भुसभुशीत झालेली वाफ्याएवढी जमीन. जूनच्या तोंडाला तिथं भात पेरला की पहिल्या पावसात रोप तरारून वर येतं, आणि उपटताना मुळं न तुटता सहज हातात येतं. आपल्याकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. तशात तणानं भरलेल्या वाफ्यातून रोप निवडत बसणं म्हणजे काय, ते तुझ्या आईला विचार. राब कोणी अडाणीपणानं भाजत नव्हतं.

आणि हे भांडण आजचं नाही. इंग्रजांच्या काळात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांकडे, म्हणजे आताच्या रायगडाकडे, जंगलखात्यानं टहाळ काढायला बंधनं घातली, तेव्हा शेतकऱ्यांची एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ साली आला. तुझ्या लायब्ररीत असला तर वाच. राबाशिवाय भात होतो की नाही यावर तेव्हाही साहेब लोक असेच दोन बाजूंनी बोलत होते.

आता माझ्या मनातलं सांगतो. आपल्या बांधांवर ऐन कोणी लावले? कोणीच नाही. ते आपसूक उगवले आणि राबाला टहाळ लागते म्हणून राहिले. शंभर वर्षांत कोणी मुळावर कुऱ्हाड घातली नाही, कारण झाड गेलं तर पुढच्या वर्षी रोप कशावर वाढवणार? गरजेनं झाड राखलं गेलं. आता आपण टहाळच घ्यायची नाही म्हटलं, तर त्या ऐनाचं घरात काय काम उरलं? सावलीनं पिकाची वाढ मारतो, एवढंच लोकांच्या तोंडी येईल. पलीकडच्या खोऱ्यात मी हे पाहिलंय. ज्या घरांतली पोरं शहराकडे गेली आणि भात मजुरांवर आला, त्यांनी राब सोडला, आणि मग बांधावरचे जुने ऐन एकेक करून लाकडाच्या व्यापाऱ्याला गेले. धूर थांबला आणि झाडंही गेली. तुझ्या पुस्तकात राबाच्या तोट्यांपुढं हे लिहिलेलं नसेल, म्हणून सांगतोय.

झाड गेलं की उतार मोकळा होतो. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळून माळीण गाव गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. तू तेव्हा लहान होतीस, पण घरात चूल पेटली नव्हती हे तुला आठवत असेल. माळीण कशानं झालं यावर जाणत्यांनी लिहिलंय: सतत पडलेला पाऊस, तीव्र उतार, पाणी पिऊन फुगलेली माती. यंत्रानं केलेल्या पडकईवरही बोट ठेवलं गेलं आणि त्यावर मोठा वाद झाला. पडकई म्हणजे आपल्या लोकांची जुनी रीत आहे. उन्हाळ्यात दहा घरं एकत्र येऊन आज याच्या, उद्या त्याच्या उतारावर दगडाची ताल, म्हणजे बांध, रचायची, माती ओढून खाचर करायचं, मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही. हातानं ताल घालणारा माणूस डोंगराचा कल बघतो, पाण्याची जुनी वाट मोकळी सोडतो आणि मध्ये झाड आलं तर तालीला वळण देतो. यंत्र सरळ कापत जातं. माळीणचा दोष कशावर टाकायचा हे मी ठरवणारा कोण? पण आपल्या जमिनीत यंत्र येणार नाही आणि तालीवरचं झाड तुटणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलंय, आणि तू शेती हातात घेशील तेव्हा तूही हे पाळावंस अशी माझी फार इच्छा आहे.

म्हणून मी म्हणतो, राब सोडायचा असेल तर आधी झाडाला घरात दुसरी जागा करून द्यायला हवी. हिरड्याला ती आहेच. आपल्या खोऱ्यात हिरडा कोणी तोडत नाही ते बाळहिरड्यामुळं, म्हणजे औषधाला विकल्या जाणाऱ्या त्याच्या कोवळ्या फळामुळं. भातानं घर जेवतं, पण तुझी कॉलेजची फी हिरड्यावरच भरली गेली. तू वाळवण राखलंयस, पण झाडावर चढायचं काम आम्ही तुला कधी दिलं नाही. ते काम आईचं आहे आणि तिच्याइतकी पारख मला नाही. फळ नखानं दाबून बघते. आत आठळी कडक लागली की ते सोडून देते, कोवळं असेल तेवढंच काढते. एकदम सगळं झाड झोडपत नाही, दोन-तीन फेऱ्यांत घेते आणि वरच्या फांद्यांचा हिरडा तसाच राहू देते. तो मोठा होऊन हिवाळ्यात गळतो, त्यातलाच काही रुजतो. खाली पडलेला गोळा करून खडकावर वाळत घालायचा. हिरवा हिरडा सुकत सुकत काळा, सुरकुतलेला आणि खडखड वाजणारा झाला की पोत्यात भरायचा. मध्येच वळवाचा पाऊस आला तर धावत जाऊन गोळा करायचा, नाहीतर बुरशी धरते आणि व्यापारी निम्मा भावही देत नाही.

भावाचं रडगाणं तुला माहीत आहे. व्यापारी दारात येतो, काट्यावर बोलू देत नाही, आणि ज्या वर्षी सरकारी खरेदी नसते त्या वर्षी तो म्हणेल तो भाव. पण वनहक्काच्या २००६ च्या कायद्यानं गौण वनउपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क आपल्याला दिलाय. गावानं मिळून वाळवला, निवडला आणि एकत्र विकला, तर व्यापाऱ्याला आपल्या भावानं बोलावं लागेल. हे काम शिकलेल्या पोरांनी अंगावर घेण्यासारखं आहे. हिशेब, पावत्या, पुण्याच्या औषधवाल्यांशी बोलणं, हे मला जमत नाही, तुला जमेल.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपले किती हिरडे आडवे झाले ते तू पाहिलंस. किनाऱ्यावर आलेलं वादळ घाट चढून इथपर्यंत येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. हिरड्याचं झाड मोठं व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. पडलेल्यांच्या जागी आपण रोपं लावलीत, त्यांना अजून गुरांपासून काट्यांचं कुंपण लागतं. राबाची टहाळ वाचली तर ती माणसं आणि तो वेळ या रोपांना देता येईल. ही तुझ्या बाजूची गोष्ट झाली, आणि ती मला पटते.

यंदा असं करू. निम्मं रोप जुन्या रीतीनं राबावर. निम्मं तू म्हणतेस तसं भात लावायच्या चारसूत्री पद्धतीनं. सावंत साहेबांच्या त्या पद्धतीचं प्रशिक्षण मीही एकदा घोडेगावला ऐकलंय. भाताचा तूस जाळून केलेली काळी राख वाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची, त्यानं रोप कणखर होतं. गिरिपुष्पाच्या झाडाचा पाला चिखलणीआधी गुंठ्याला ३० किलो गाडायचा. लावणी दोरीवर, १५ आणि २५ सेंटिमीटर अंतरानं, आणि चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या, मध्ये खताची एक गोळी. गिरणीवाल्याला तूस राखून ठेवायला सांगितलंय. गिरिपुष्प मात्र बांधावर अजून पुरेसं नाही. ते वाढेपर्यंत थोडी टहाळ लागेलच, पण ती जाळायची नाही, कुजवायची. हे तुलाही मान्य व्हावं.

तू ती गादीवाफ्याची, नेरळची पद्धत म्हणत होतीस, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. बायकांच्या कंबरा वाचतात हे खरंच मोठं आहे, आणि आईनं ते ऐकून लगेच "करा" म्हटलं. पण त्यात तणनाशकावर बराच भर आहे असं मी ऐकलंय. आपल्या बांधावर पहिल्या पावसानंतर फोडशी येते, भारंगी येते, चाईचे वेल चढतात, खाचरात खेकडे निघतात. श्रावणापर्यंत घरात विकतची भाजी येत नाही. औषध मारलेल्या बांधावरची भाजी मी तुझ्या आजीच्या ताटात वाढणार नाही. तणनाशकाशिवाय ती पद्धत करणारं कोणी असेल तर शोध. आपण त्याच्या शेतावर जाऊन बघू, मी येतो.

बियाण्याचं आईनं ठरवून टाकलंय. विकायला इंद्रायणी, आणि वरच्या दोन खाचरांत घरचा रायभोग. रायभोगाच्या लोंब्या तिनं निवडून घराच्या आढ्याला बांधल्यात. देशी बियाणं जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हापासून ती बियाण्याला कोणाला हात लावू देत नाही. "माझ्याकडंही पाच जातींचं बी आहे," असं आल्यागेल्याला सांगते. तू आलीस की तिच्याजवळ बसून प्रत्येक जातीचं नाव, पेरायची वेळ आणि कोणत्या खाचराला कोणतं चालतं, हे वहीत लिहून घे. टहाळीच्या झाडांच्या पाळ्या मी सांगतो, त्याही त्याच वहीत लिही.

परीक्षा संपली की लगेच ये. बाळहिरड्याच्या शेवटच्या फेरीला तुझे हात लागतील, आणि राब रचायच्या आत चारसूत्रीचा वाफा तुला दाखवायचाय, म्हणजे जागा चुकत असेल तर बदलता येईल. येताना मोजायची दोरी आण, रंगीत खुणांची. खताच्या गोळ्या पुण्यात कुठं मिळतात ते सरांना विचारून ठेव. वरच्या खाचरातली माती पिशवीत भरून पुढच्या एसटीनं पाठवतोय, तपासायला दे. आजीचे गुडघे बरे आहेत, काळजी करू नकोस. गाय व्यायली, कालवड झाली.

तुझा,
बाबा