विन्याला पत्र: व्हिडिओ गेमचा हलवायचा कंट्रोलर आणि तुझा घाईचा निकाल

प्रिय विन्या,

स. न. वि. वि.

तुझा निरोप वाचला. "हलवून खेळायचे कंट्रोलर म्हणजे निव्वळ नौटंकी. नवीन मशीन हातात आल्या आल्या जायरो बंद करून टाकला." झालं, कंट्रोलर किती वळवला हे टिपणारा तो जायरो, त्याचा दोन ओळींत निकाल लावून मोकळा झालास. फोनवर बोलायला गेलो असतो तर तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नसतंस, म्हणून हे लिहायला बसलोय. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझ्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, ते आधी देऊन टाकतो. या प्रकाराचा इतिहास जाहिरातींत जेवढा देखणा, तेवढा हातात धरल्यावर नाही. 1989 साली मॅटेलने निन्टेन्डोच्या मशीनसाठी पॉवर ग्लव्ह काढला. टीव्हीभोवती अल्ट्रासाउंड टिपणारे रिसीव्हर लावायचे, हातमोजा चढवायचा, बोटं वाकवायची. दिसायला भन्नाट, पण साधा धावण्या-उड्या मारण्याचा गेम खेळायला घेतला की हाताला फेस. 1993 चा सेगा ॲक्टिव्हेटर तर त्याच्याही वरताण. जमिनीवर एक अष्टकोनी कडं ठेवायचं, त्यातून वर जाणारे अवरक्त किरण हाता-पायांनी तोडायचे. म्हणजे काय, तर आठ बाजू म्हणजे आठ बटणं. जे काम अंगठा जागच्या जागी करतो, ते लाथ मारून करायचं. याला नौटंकी म्हण, मी हरकत घेणार नाही.

2007 चा लेअर नावाचा गेमही तुझ्याच खात्यात जमा. ड्रॅगनवर बसून उडायचं, आणि दिशा द्यायला प्लेस्टेशन 3 चा अख्खा कंट्रोलर कलवायचा. लोक इतके वैतागले की पुढे अपडेट देऊन स्टिकने, म्हणजे अंगठ्याने ढकलायच्या छोट्या दांडीने, उडवायची सोय करावी लागली.

पण माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण डाँकी काँग कंट्री रिटर्न्सचं, 2010 मधलं. एरवी गेम उत्तम, त्यात वाद नाही. पण निन्टेन्डोच्या वी या मशीनवर खेळताना माकडाला लोळण घ्यायला लावायची तर कंट्रोलर झटकायचा. आता तो क्षण बघ. फळीची कड आलीय, लोळत जाऊन नेमक्या टोकावर उडी मारायचीय. बटण दाबलं असतं तर ‘दाबलं’ ही बातमी ताबडतोब पोचली असती. झटक्याचं तसं नसतं. हात हलायला लागला, वेग वाढला, हा मुद्दाम दिलेला झटका आहे की खेळाडू नुसता सावरून बसतोय हे मशीनने ठरवलं, मग कुठे माकड लोळलं. तोवर कड गेली आणि माकड खड्ड्यात. पुढे 2013 मध्ये तोच गेम निन्टेन्डोच्या हातात धरायच्या 3डीएस मशीनवर आला तेव्हा लोळण बटणावर होती.

या झटक्यातून मशीनला कळतं काय? ‘हो’ किंवा ‘नाही’. ते बटणालाही कळतं, आणि लवकर कळतं. माझी सगळी कसोटी इथेच आहे. हाताच्या हालचालीतून बटणापेक्षा किंवा स्टिकपेक्षा जास्त काही मशीनपर्यंत पोचतंय का? कोन, दिशा, वळवण्याचा वेग, काहीतरी? पोचत असेल आणि गेम ते वापरत असेल, तर खेळ सुधारतो. नसेल तर ती कवायत. तू सगळ्यांना एकाच दोरीला बांधून फासावर लटकवलंस, माझं भांडण एवढ्याचपुरतं आहे.

आता वी. 2006 च्या शेवटी आला आणि 10 कोटींहून जास्त खपला. त्याच्या रिमोटमध्ये दोन गोष्टी होत्या. एक ॲक्सेलेरोमीटर, म्हणजे धक्का आणि कल टिपणारा भाग, आणि दुसरा पुढच्या टोकाला अवरक्त प्रकाश टिपणारा छोटा कॅमेरा. टीव्हीवर जी पट्टी ठेवायची, तिच्यात फक्त दोन टोकांना अवरक्त दिवे. पट्टी बिघडली की लोक दोन मेणबत्त्या लावून खेळायचे आणि चालायचं! कॅमेऱ्याला दोन ठिपके दिसले की झालं.

कॅमेऱ्याने नेम धरायचा भाग झकास होता. मेट्रॉइड प्राइम 3 किंवा रेसिडेंट ईव्हिल 4 ची वी आवृत्ती त्या रिमोटवर खेळलेल्या माणसाला विचार, स्टिकवर परत जाणं जिवावर येतं. घोळ होता तो ॲक्सेलेरोमीटरचा. त्याला गुरुत्वाकर्षण आणि तुझ्या हाताचा धक्का या दोन्ही गोष्टी एकत्रच कळतात, वेगळ्या काढता येत नाहीत. रिमोट स्थिर असेल तर ‘खाली’ कुठे आहे ते त्याला नीट सांगता येतं. जोरात फिरवलास की सगळी मिसळ. त्यातून सरळ उभा धरून डावीकडे-उजवीकडे वळवलास, तर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेत काहीच फरक पडत नाही, म्हणून हे वळणं त्याच्या हिशेबात धड येतच नाही.

वी स्पोर्ट्समधलं टेनिस आठव. जाहिरातीत माणसं घामाघूम होऊन फटके मारताना दिसायची. प्रत्यक्षात खेळाडू धावतो आपोआप, तू फक्त झटका द्यायचा. लवकर दिलास तर चेंडू एकीकडे, उशिरा दिलास तर दुसरीकडे. सोफ्यावर रेलून नुसतं मनगट हलवलं तरी तेच, किंबहुना त्याने जास्त जिंकता यायचं. बॉक्सिंगमध्ये तर कुठला ठोसा मोजला गेला आणि कुठला हवेत विरला याचा पत्ता लागायचा नाही. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो, पण इथं अंगण खरोखरच वाकडं होतं. बोलिंग मात्र मी कधीच मोडीत काढणार नाही. तिथे सोडताना मनगट जरा पिळलं की चेंडू वळत जातो, आणि ती पिळण बटणात बसत नाही. (रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळायचे प्रकार इतके झाले की महिन्याभरात कंपनीला जाड दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या, हे तुला आठवत असेलच.)

आणि ज्यांनी जन्मात कंट्रोलर हातात धरला नव्हता, त्यांना खेळायला बसवलं ते याच झटक्यांनी. ते श्रेय मोठंच. पण आपला वाद खेळ सुधारतो का हा आहे, किती जण खेळले हा नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो.

2009 मध्ये मोशनप्लस नावाची पुरवणी आली आणि रिमोटला जायरो मिळाला. जायरोला वळण्याचा वेग कळतो, तिन्ही अक्षांभोवती. त्या वेगाची बेरीज करत गेलं की कोन मिळतो. बेरजेत बारीक चुका साठत जातात, म्हणून नेम हळूहळू सरकतो. खाली-वरचा सरक गुरुत्वाकर्षण बघून दुरुस्त करता येतो, डावी-उजवी बाजू दुरुस्त करायला मात्र तसं काही हाताशी नसतं. जायरोच्या गेममध्ये ‘मध्यावर आण’ असं बटण असतं ते यासाठी. तुझ्या मशीनमध्येही आहे. ते तू दाबून तरी बघितलंस का?

मोशनप्लस लागणारा झेल्डा मालिकेतला गेम, स्कायवर्ड स्वोर्ड, 2011 मध्ये आला. त्यात शत्रू तलवार एका बाजूला अडवून उभा, तुला दुसऱ्या बाजूने वार करायचा. म्हणजे दिशा खरोखर कामाला येते, माझ्या कसोटीला उतरतं. तरी मी त्याला निम्मेच गुण देतो, कारण हात परत जागेवर आणताना तोही वार समजला जायचा, आणि ऐन लढाईत मध्य जुळवत बसायचं. 2021 च्या आवृत्तीत उजव्या स्टिकने वार करायची सोय दिली, तीही बऱ्यापैकी चालते.

कायनेक्टवर फार शाई खर्च करत नाही. 2010 चं ते एक्सबॉक्सचं यंत्र, कॅमेऱ्याने अख्खं अंग टिपायचं, हातात काहीच नको म्हणे. सुरुवातीला धूमधडाक्यात खपलं. नाचाच्या गेमला छान होतं, कारण तिथे अंग कसं हलतं हाच खेळ. बाकी चालायचं कसं, थांबायचं कसं, याला उत्तर नाही. 2013 मध्ये एक्सबॉक्स वनबरोबर ते गळ्यात बांधून किंमत 499 डॉलर ठेवली, समोर प्लेस्टेशन 4 होता 399 ला. वर्षभरात सोडवून टाकावं लागलं आणि 2017 मध्ये उत्पादनच बंद.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितोय तिथे येतो. स्टिकने नेम धरताना अंगठा काय करतो ते नीट बघ. तू स्टिक किती ढकललीस यावर नेम किती वेगाने फिरेल ते ठरतं. कुठे थांबेल ते ठरत नाही. थांबवायचं तर नेमक्या क्षणी अंगठा मध्यावर परत आणायचा. बादली काठोकाठ आली की अचूक वेळी नळ बंद करावा, तसला प्रकार. जरा पुढे गेलं, जरा मागे आणलं, परत पुढे गेलं. अंगठ्याला वाव किती? जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणून तर कंट्रोलरवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये मशीनच गुपचूप तुझा नेम शत्रूकडे ओढतं. तू ज्याला आपली नेमबाजी म्हणतोस, त्यातला बराच वाटा त्या मदतीचा असतो, राग मानू नकोस.

जायरोचं वेगळं आहे. कंट्रोलर जेवढा वळवलास तेवढा नेम वळला. हात थांबला की नेमही थांबला. माऊस हेच करतो, आणि माऊसला कोणी गिमिक म्हणत नाही. शिवाय इथे काम करतात मनगट आणि बोटं, तीही दोन-तीन अंशांत. ज्यांच्यासाठी जाहिरातीतल्यासारखं दिवाणखान्यात नाचावं लागत होतं, त्या सगळ्या कल्पनांतून टिकून राहिली ती ही जेमतेम दिसणारी हालचाल. मला त्याची गंमत वाटते.

स्प्लाटून घे, एकमेकांवर शाई उडवायचा निन्टेन्डोचा गेम. 2015 पासून त्यात जायरो सुरुवातीपासूनच चालू असतो. स्टिकने ढोबळ वळायचं, खाली-वर आणि शेवटचं बारीक काम हाताने. समजा डाव्या बाजूला शाईतून कोणी वर आलं. अंगठा तुला साधारण तिकडे वळवतो आणि थांबतो. नेम अजून खांद्यापासून चारदोन बोटं लांब आहे. ती चार बोटं मनगट भरून काढतं, तू विचार करायच्या आत. नुसत्या स्टिकवर खेळणारा तेवढ्यात अंगठा पुढे-मागे करत असतो, आणि तेवढ्यात त्याच्यावर शाई पडलेली असते. या गेमचे मुरलेले खेळाडू बहुतेक सगळे जायरोवरच खेळतात, हौस म्हणून नव्हे, त्याशिवाय हरतात म्हणून. ब्रेथ ऑफ द वाइल्ड या झेल्डाच्याच गेममध्ये धनुष्य ताणल्यावरही असंच, स्टिकने शत्रूपाशी आणायचं आणि मनगटाने डोक्यावर. त्याच गेममध्ये कंट्रोलर कलवून चक्रव्यूहातून गोळा फिरवायचं एक कोडं आहे, ते मात्र भिकार. लोक अख्खा चक्रव्यूह उलटा करतात आणि सपाट पाठीवरून गोळा सरळ बाहेर टाकतात. बरोबर करतात.

आणि तुझा भाचा! फोनवर पबजी खेळताना बंदूक वर उसळली की तो फोन पुढे कलवून ती दाबून धरतो, ते तू स्वतः मला कौतुकाने सांगितलं होतंस. तो जायरोच की रे. फोनवरचं कौशल्य आणि तुझ्या मशीनवरची नौटंकी, असं कसं?

गाड्यांच्या गेमबद्दल मात्र मी तुझ्याच बाजूचा. मारिओ कार्ट वीबरोबर प्लास्टिकचं चाक मिळायचं, मजा यायची, पण हवेत धरलेल्या चाकाला मध्य कुठे ते हाताला कळत नाही. स्टिकला निदान स्प्रिंग असते, ती अंगठ्याला सांगत राहते की किती गेलास. नुसती माहिती मशीनकडे जाऊन भागत नाही, हाताकडेही काही परत यावं लागतं. नेम धरताना पडद्यावरचा ठिपका ते काम करतो, वळणावर काहीच करत नाही.

एक गोष्ट सक्तीची हवी: बंद करायची सोय. कोणाचं मनगट दुखतं, कोणाला हात हलवताच येत नाही. उलट कोणाला अंगठ्यापेक्षा कंट्रोलर कलवणंच सोपं जातं. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये जायरो नाहीच, त्यामुळे सगळ्या मशीनसाठी एकच गेम करणारे बरेचदा ही सोय देतच नाहीत, असा माझा अंदाज. त्याचा राग तू जायरोवर काढतोयस, म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर.

तर आता एवढं कर. जायरो सेटिंगमध्ये जाऊन तो फक्त नेम धरतानाच चालू राहील असं ठेव, नाहीतर तुझ्या मशीनवर अंगठा स्टिकवर टेकला की चालू होतो तसं. अंगठा उचललास की हात मोकळा, सावरून बस आणि पुन्हा टेकव, माऊस उचलून ठेवतो तसंच. स्टिकचं खाली-वर बंद कर, म्हणजे अंगठ्याला जुन्या सवयीने लुडबुड करता येणार नाही. मशीनची मदत सरावापुरती बंद ठेव, कारण ती एकीकडे ओढते आणि तू दुसरीकडे. वेग आधी कमी, मग हात सरावला की वाढव. कोपरं मांडीवर टेकव, हवेत धरून खेळू नकोस. सुरुवातीला चिडचिड होईल, नेम छताकडे जाईल, मला शिव्या घालशील. घाल. नेमाचं शेवटचं चार बोटं अंतर अंगठ्याऐवजी मनगट आपण होऊन भरायला लागलं की मग काय ते सांग.

त्यानंतरही बंद केलास तर माझं काही म्हणणं नाही. फक्त कारण नीट लिही. ‘नौटंकी’ एवढं कारण चालणार नाही.

तुझा,
समीर

ता. क. भाच्याला विचार तो वेग कितीवर ठेवतो. तुला सांगणार नाही बहुतेक, पण विचार.