दंडावर बांधायचा स्पर्श

सांगली
१२ जानेवारी

प्रिय नीलू,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुला नक्की काय मोजून हवंय?" आणि तेवढ्यात मला ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं. उत्तर फोनवर मावणारं नव्हतंच, म्हणून सविस्तर लिहिते. तू गाड्यांच्या सुट्या भागांवरचा ताण मोजतेस, मला पोटातल्या अवयवावरचा मोजायचाय. हे काम तुझ्याच हातून व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी अडचण समजून घे. पोट उघडून ऑपरेशन करताना निम्मं काम बोटं करतात. आतड्यातली लहान गाठ बाहेरून दिसत नाही, पण अंगठा आणि तर्जनीमधून आतडं सरकवत नेलं की ती हाताला लागते. चरबीत दडलेली धमनी दिसण्याआधी तिचा ठोका बोटाला कळतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात बोटं बाहेरच राहतात. ५ किंवा १० मिलिमीटरच्या पोर्टमधून, म्हणजे पोटाच्या भिंतीत बसवलेल्या नळीतून, लांब दांडीची हत्यारं आत जातात आणि आपण मॉनिटरकडे बघत काम करतो. म्हणून मोठ्या आतड्याची गाठ छोटी असेल तर आधी कोलोनोस्कोपी करून, म्हणजे आतड्यात दुर्बीण घालून, तिच्या शेजारी काळी शाई टोचून ठेवतात. जे हाताला लागणार नाही ते निदान डोळ्यांना तरी दिसावं.

स्पर्श अगदीच नाहीसा होतो असं नाही. विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढताना गळ कशात अडकला ते दोरीतून हाताला कळतं, तसं दांडीतून थोडंफार येतं. पण त्यात वाटेतच भेसळ होते. पोटात भरलेला गॅस निसटू नये म्हणून पोर्टला रबरी झडप असते, तिचं घर्षण कधीकधी अवयवाने दिलेल्या विरोधाइतकंच मोठं असतं. शिवाय पोटाची भिंत हाच तरफेचा टेकू. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं, आणि दांडी जसजशी आत-बाहेर होते तसतसं तरफेचं गुणोत्तरही बदलतं. तोच जोर एकदा हलका वाटतो, एकदा जड.

तरीही मागे जायचा प्रश्नच नाही. एरिख म्यूहे यांनी जर्मनीत दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं ते १९८५ साली, आणि १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे.मध्ये तेच करून दाखवलं. आज ऊसतोडीला जाणारी बाई पित्ताशय काढल्यावर सहसा दुसऱ्या दिवशी घरी जाते आणि लवकर कामाला लागते. पोटावर वीतभर टाके असते तर तिला किती मजुरी बुडवावी लागली असती! हा फायदा तिला मिळालाच पाहिजे. त्यापायी जे गमावलं ते परत कसं आणायचं, एवढंच मला शोधायचंय.

आता नेमकं दुखणं सांगते. पित्ताशय काढताना मदतनीस ग्रास्परने, म्हणजे पकडायच्या लांब चिमट्याने, त्याचं टोक धरून यकृतावरून वर ढकलून धरतो. सुजलेलं पित्ताशय जाड पण ठिसूळ असतं. जरा जास्त ओढलं की फाटतं, पित्त सांडतं, खडे पोटभर पसरतात आणि ते वेचत बसावं लागतं. मी पडद्यावर बघते तेव्हा ग्रास्परच्या जबड्याशेजारचा भाग आधी पांढुरका पडतो, मग त्यावर ताणाच्या रेघा उमटतात. नजरेने जोर वाचायचा तो असा, आणि तो वाचायला शिकण्यात वर्षं जातात. रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, मी "सैल सोड, अजून सैल" असं सांगत राहते. तो बिचारा चांगल्या दृश्यासाठी मनापासून ओढत असतो, आपण किती ओढतोय हे त्याच्या हाताला कळतच नाही.

आणि नजर फसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्जननी २००३ साली पित्तनलिकेला झालेल्या २५२ इजांचं विश्लेषण छापलं. त्यात ९७ टक्के वेळा मूळ कारण दृष्टिभ्रम निघालं, कौशल्य कमी पडलं म्हणून नव्हे. स्पर्श असता तर त्या सगळ्या टळल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पण सगळा भार एकाच इंद्रियावर टाकणं मला पटत नाही.

रोबोटवाल्यांनाही हे सोपं गेलं नाही. ऑपरेशनसाठीच्या दा विंची रोबोटला अमेरिकेत परवानगी मिळाली २००० साली, आणि ऊतींवरचा जोर सर्जनच्या हातापर्यंत पोचवणारी त्याची हत्यारं आली २०२४ मध्ये. मधल्या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरिन कुचेनबेकर यांच्या गटाने रोबोटच्या हातांवर कंपन टिपणारे सेन्सर बसवून ती थरथर सर्जनच्या मुठीपर्यंत पोचवली. वापरून बघणाऱ्यांना ते आवडलं. पण आमच्याकडे रोबोट कुठून येणार? मला साध्या हत्यारावर बसणारं काहीतरी हवंय.

तू हातमोज्यात सेन्सर शिवायचं म्हणाली होतीस, ते मला नको. बोटावरचा सेन्सर माझी मूठ किती आवळली ते सांगेल, त्यात झडपेचं घर्षणही आलं. मोजायचं टोकाजवळ, झडपेच्या पलीकडे. अंगावर बांधायचा तो फक्त निरोप देणारा पट्टा.

तो कुठे बांधायचा यावर मी बराच विचार केलाय. बोटाचं टोक सर्वांत संवेदनशील, २०० ते ३०० हर्ट्झची थरथर तिथे फार छान कळते, पण तेच बोट कामात असतं. मनगटावर तर घड्याळसुद्धा चालत नाही, आम्ही कोपरापर्यंत हात धुतो. राहतो दंड. बाहीखाली पट्टा, वरून निर्जंतुक गाऊन, म्हणजे पट्टा निर्जंतुक करायची कटकटच नाही. दंडाची त्वचा बोटाइतकी तल्लख नसते, म्हणून निरोप साधा ठेव. ठीक असेल तर गप्प, वाढू लागलं तर हलकी थरथर, धोक्याच्या जवळ गेलं तर जोराची. सतत थरथरत राहिलं तर त्वचा तिला सरावते आणि माणूस वैतागून पट्टा काढून फेकतो.

माझा आग्रह एकच आहे, हे पहिल्यांदा मदतनिसाच्या दंडावर बांधायचं. नैसर्गिक स्पर्शाची हुबेहूब नक्कल करण्याचा ध्यास घेतलास तर पुढची दहा वर्षं प्रयोगशाळेतच जातील. शिकणाऱ्या मुलाला मी "सैल सोड" म्हणायच्या आधी ते कळलं, तरी पेशंटचं भलं होईल.

तुझ्यासाठी खऱ्या अडचणी दोन. हत्यार निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांच्या वाफेत जातं, पुन्हा पुन्हा. तुझे ताण मोजणारे स्ट्रेन गेज आणि त्यांचा डिंक तिथे टिकेल का? बॅटरी टिकणार नाही, पण ती मुठीजवळ वेगळी लावून, कॅमेऱ्याच्या वायरला घालतो तशी निर्जंतुक प्लॅस्टिकची पिशवी तिला घालता येईल. दुसरी अडचण कॉटरीची, म्हणजे विजेने ऊती कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या हत्याराची. तिच्या उच्च वारंवारतेच्या विजेने तुझे आकडे उड्या मारतील, म्हणून प्रकाशतंतूवरचे ब्रॅग सेन्सर, जे प्रकाशावरून ताण मोजतात, ते बघशील का? त्यांना विजेची बाधा होत नाही. महाग पडतील हे मला माहीत आहे.

जुने ५ मिलिमीटरचे दोन ग्रास्पर कुरियरने पाठवतेय, हवे तसे काप. दुर्बिणीच्या ऑपरेशनाचा सराव करायचा एंडोट्रेनरचा डबा माझ्याकडे आहे आणि खाटीक पित्ताशयासकट बकऱ्याची कलेजी देतो, तेव्हा चाचणीला माणसाची गरज नाही. संक्रांतीनंतरचा कुठलाही रविवार कळव, मी रेसिडेंटना बोलावून ठेवते. काकूंना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रेही येताना आण.

तुझी,
वैशू