ओट्यावरची भूत जोलोकिया

धुळे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

माय, कशी शेस? दम्याचा पंप उशाशीच ठेवत जा, कपाटात नको.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की गुडघे ऐकत नाहीत, आता मिरची लावणं काही होत नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. मला वाटतं, यंदा मिरची लावायचीच, फक्त शेतात नाही, ओट्यावर. भूत जोलोकियाची रोपं मी इथे गच्चीवर तयार केली आहेत. मृगाचा पाऊस झाला की घेऊन येते. मोठ्या कुंड्या ओट्यावर मांडल्या की खुर्चीत बसून सगळं करता येईल, वाकायला नको.

ही आसाम-नागालँडकडची मिरची. तुम्ही लावायचात ती फापडा, संकेश्वरी एका जातीतली, ही त्यांची दूरची चुलत बहीण. २००७ साली गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून हिची नोंद झाली. पुढे अमेरिकेतल्या कॅरोलिना रीपरनं आणि २०२३ मध्ये पेपर एक्सनं तो मान घेतला, पण आपल्या देशातली म्हणून मला हीच लावावीशी वाटली. तिखटपणाचं माप स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये काढलं. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केला की जिभेला तिखट लागत नाही, ते बघायचं. आपली झणझणीत मिरची लाखाच्या आत राहते, ही दहा लाखांच्या पुढे जाते. नंदुरबारला पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीच्या खकाण्यानं माझे डोळे चुरचुरायचे आणि तुम्ही उपरण्याचा शेव माझ्या नाकावर धरायचात. त्याच्या कितीतरी पट हिचं तिखट आहे.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या ट्रेमध्ये टाकलं. गादीवाफ्यावर आपली मिरची आठवडा-दीड आठवड्यात वर येते. ही तीन-तीन, कधी चार-पाच आठवडे घेते. तिला ऊब लागते, साधारण २७ ते ३० अंश, आणि ओल लागते, पण चिखल नको. ओल जास्त झाली की कोंब जमिनीलगत सडून आडवे पडतात, ते तुम्हाला मी काय सांगणार. एका कोंबाच्या दोन्ही पानांवर बीचं टरफल घट्ट अडकून बसलं होतं. ओढलं असतं तर पानंच तुटली असती. बोटानं पाण्याचा थेंब सोडला आणि थांबले. संध्याकाळी टरफल आपोआप गळलं आणि इवलीशी, मऊ, फिकट हिरवी पानं उघडली. बाबा, तुम्ही त्या वेळी शेजारी हवे होतात.

आता पुढचं तुमच्या हातात. दुपारचं ऊन हिला मानवत नाही, शेवग्याची सावली पडते ती बाजू चांगली. पारा पस्तिशीच्या वर गेला की फुलं गळतात, त्यामुळे भाद्रपदाच्या उन्हात फुलं गळाली तरी मनाला लावून घेऊ नका, थंडी लागली की ती धरते. युरिया देऊ नका, नुसती पानं माजतात. निंबोळी अर्काची फवारणी आणि पिवळे चिकट सापळे पुरेत. मात्र पानं मुरडून बोकड्या रोग आलेलं झाड दया न दाखवता उपटून टाका. परसात मायची मिरची आहे, मधमाश्या इकडचे पराग तिकडे नेणारच. या वर्षीच्या फळाला त्यानं काही होत नाही, पण बी धरायचं असेल तर कळीवर मलमलीची छोटी पिशवी बांधून ठेवा.

माय, हे नीट ऐक. या मिरचीचा ठेचा करायचा नाही. फोडणीत तर मुळीच नाही, बंद घरात तिचा ठसका आणणारा धूर तुझ्या दम्याला सोसणार नाही. तोडताना दोघांनीही रबरी हातमोजे घाला आणि तो हात डोळ्याला लावू नका. हाताची आग झाली तर नुसत्या पाण्यानं धुऊन काही होत नाही, कारण हिचं तिखट पाण्यात विरघळत नाही. आधी तेल चोळा, मग साबण. तोंड भाजलं तर दूध किंवा दही घ्या. तिखट बियांत असतं असं आपण समजतो, पण ते आतल्या पांढऱ्या गाभ्यात असतं, आणि या जातीत सालीच्या आतल्या बाजूलाही. लोणचं मी घालीन, बरणीला नखभर मिरची पुरते.

कुंड्या आणि खत मीच घेऊन येते, तुम्ही दुकानात जाऊ नका. तेवढं एक करा बाबा, ओट्याच्या कोणत्या कोपऱ्यावर सकाळी अकरापर्यंत ऊन असतं ते बघून फोनवर सांगा, म्हणजे किती कुंड्या आणायच्या ते मला ठरवता येईल.

तुमची लेक