थ्रस्टर तयार झाला, आता विजेकडे बघा : अवकाश राज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. राज्यमंत्री, अवकाश विभाग, भारत सरकार यांस,
सादर नमस्कार.

इस्रोच्या ३०० मिलीन्यूटन रेटा देणाऱ्या प्लाझ्मा थ्रस्टरने, म्हणजे विद्युतभारित वायू मागे फेकून यानाला पुढे ढकलणाऱ्या इंजिनाने, १००० तासांची चाचणी पार केल्याचे मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा मनापासून आनंद झाला. त्याच बातमीत आणखी एक आकडा होता, त्याला लागणाऱ्या विजेचा : ५.४ किलोवॉट. हे पत्र त्या आकड्यासाठी लिहीत आहे.

रासायनिक रॉकेटची ऊर्जा इंधनातच असते. अशा थ्रस्टरातला झेनॉन वायू मात्र जळत नाही. त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढून आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, करायचा आणि विद्युतक्षेत्राने मागे फेकायचा. ही सगळी ऊर्जा बाहेरून, विजेच्या रूपात द्यावी लागते. वीज आयन करण्यातच संपते असा समज दिसतो. तो खरा नाही. इलेक्ट्रॉन सुटायला सुमारे १२ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) लागतात, प्रत्यक्ष यंत्रात दहापटीहून जास्त खर्च होतात. पण झेनॉनवरच चालणाऱ्या नासाच्या डॉन यानात प्रत्येक आयनाला वेग देण्यासाठी हजाराहून अधिक लागत.

खरा खर्च वेगाचा. रेटा वेगाच्या पटीत वाढतो, ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत. आयनांचा वेग दुप्पट केला, तर तेवढ्याच रेट्याला वायू निम्मा पुरतो, पण वीज दुप्पट लागते. डॉनचे इंजिन २.३ किलोवॉट घेऊन जास्तीत जास्त ९२ मिलीन्यूटन रेटा देई. दोन ए-फोर कागदांचे वजन तेवढेच भरते. तरीही वर्षानुवर्षे चालत राहून, ४२५ किलो झेनॉनच्या साठ्यावर, त्या यानाने लघुग्रहांच्या पट्ट्यातील व्हेस्टा आणि सेरेस या दोघांभोवती प्रदक्षिणा घातल्या. आपल्या थ्रस्टरात डॉनसारख्या, आयनांना वेग देणाऱ्या विद्युतभारित जाळ्या नाहीत, चुंबकीय क्षेत्राची रचना आहे, पण हिशेब हाच.

अडचण सूर्यापासून दूर गेल्यावर येते. डॉनचे सौरपंख पृथ्वीच्या अंतरावर १० किलोवॉट देत, तिप्पट अंतरावर जेमतेम १.३. म्हणजे इंजिन शाबूत, वायू शिल्लक, आणि रेटा मात्र कमी करावा लागतो.

म्हणून विनंती अशी, की विद्युत प्रणोदनाच्या, म्हणजे विजेच्या जोरावर यान ढकलण्याच्या, प्रत्येक प्रकल्पात हलके, मोठे सौरपंख आणि उच्चदाब वीजयंत्रणा यांची तरतूद स्वतंत्र दाखवावी. थ्रस्टरच्या खर्चात ती झाकली जाऊ नये. आणि या थ्रस्टरची उपग्रहावर चाचणी होईल तेव्हा रेट्यासोबत वीजवापराचे आकडेही खुले करावेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परदेशी यानांऐवजी आपल्याच यानाचे गणित सोडवता येईल.

आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक