जुन्या कीबोर्डची क्रमवारी आणि धुळीचा हिशेब

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुने मेकॅनिकल कीबोर्ड जमवणाऱ्यांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. या काहीशा एकलकोंड्या छंदाची दखल घेतल्याबद्दल आभार. मात्र लेखाच्या शेवटी दिलेल्या स्विचच्या, म्हणजे प्रत्येक कळेखालच्या यांत्रिक रचनेच्या, क्रमवारीला माझी हरकत आहे. पस्तीस-चाळीस वर्षांचे दोन कीबोर्ड शेजारी ठेवून, दोन्हींवर चार-चार ओळी टाइप करून, ‘हा स्विच त्याच्याहून सरस’ असा निवाडा देता येत नाही. बोटाला जे जाणवते त्यात मूळ रचना किती आणि आत साचलेली धूळ व झीज किती, हे आधी वेगळे काढावे लागते. लेखकाने ते केलेले दिसत नाही.

आल्प्स या जपानी कंपनीचे स्विच ‘खरखरीत’ म्हणून या क्रमवारीत तळाला गेले आहेत. हीच चूक मी स्वतः दोन वर्षे केली असल्यामुळे ती चटकन ओळखता आली. १९८७ साली आलेला ॲपल एक्स्टेंडेड कीबोर्ड, आल्प्सच्या फिक्या गुलाबी स्विचांचा, माझ्याकडे आला तेव्हा त्याची ‘ई’ची कळ दाबताना वाळूवरून पाट सरकवावा तसे वाटे. एवढ्या नावाजलेल्या स्विचचे कौतुक लोक का करतात, हे मला उमगत नसे. मग एकदा सहज म्हणून उजव्या टोकाच्या एफ-१३ ते एफ-१५ या कळा दाबून पाहिल्या. त्या कळांचा उपयोग फारसा कोणाला कधी पडत नाही, त्यामुळे मागच्या मालकानेही त्यांना बहुधा बोट लावले नसावे. त्या तिन्ही कळा लोण्यासारख्या खाली गेल्या, आणि वाटेत बोटाला लागणारा उठाव इतका स्वच्छ होता की मी पुन्हा ‘ई’ दाबून खात्री करून घेतली. एकाच कीबोर्डवर, एकाच जातीचे स्विच होते ते. तेव्हापासून कोणताही जुना कीबोर्ड हाती आला की मी आधी ‘पॉज’ किंवा ‘स्क्रोल लॉक’सारखी दुर्लक्षित कळ दाबतो आणि मगच स्पेसबारकडे वळतो, त्या दोहोंमधला फरक म्हणजे त्या कीबोर्डचे गेलेले आयुष्य.

आल्प्सच्या रचनेत सरकणारा प्लास्टिकचा भाग आवरणाला मोठ्या पृष्ठभागाने घासतो, म्हणून धुळीचा कण आत शिरला की तो दोन्हींवर ओरखडे काढत राहतो. आवरणाच्या खाचा सोडवून आतले भाग साबणाच्या पाण्याने धुतले तर खरखर पुष्कळ कमी होते, पण जे ओरखडे पडले ते पडलेच. चेरी या जर्मन कंपनीच्या एमएक्स मालिकेतील काळ्या स्विचचे मात्र नेमके उलटे आहे. तो वर्षानुवर्षे वापरला गेला की त्याचे प्लास्टिक एकमेकांवर घासून गुळगुळीत होते, आणि म्हणूनच जुने, भरपूर वापरलेले काळे स्विच हौशी मंडळी मुद्दाम शोधत असतात. म्हणजे वापराने एक स्विच बिघडतो आणि दुसरा सुधारतो. अशा दोघांना एका ओळीत बसवून गुण देणे म्हणजे जुने लोणचे आणि जुने दूध यांची तुलना करण्यासारखे आहे.

लेखातील दुसरी गफलत आवाजाबद्दलची आहे. ‘खटका वाजला की अक्षर उमटले’ असे सरसकट विधान त्यात आहे; ते सगळ्या खटकेदार स्विचांना लागू पडत नाही. आयबीएमच्या ज्या वाकणाऱ्या स्प्रिंगच्या रचनेचे पेटंट १९७८ साली रिचर्ड हॅरिस यांच्या नावे मिळाले, तिच्यापुरते ते खरे आहे. तिथे कळेखालची स्प्रिंग दाबली जाता जाता एका क्षणी अचानक बाजूला वाकते, तिच्या बुडाशी असलेली छोटी हातोडी त्या झटक्याने उलटते, आणि त्याच क्षणी आवाजही होतो व अक्षराची नोंदही होते. कान, बोट आणि यंत्र यांचे एकमत होते ते इथे. चेरीच्या निळ्या स्विचमध्ये मात्र आवाज करणारी पांढरी सरकती कडी आणि सोन्याचा स्पर्शबिंदू असलेल्या पट्ट्या हे वेगवेगळे भाग आहेत. आल्प्सच्या खटकेदार स्विचमध्येही आवाजाची धातूची पट्टी वेगळी आणि विद्युत संपर्काचा बंदिस्त भाग वेगळा. तिथे खटका आणि नोंद जवळजवळ येतात, पण एकाच घटनेतून घडत नाहीत. आमच्या मंडळींमध्ये खटके उडतात ते बहुधा याच खटक्यावरून, हेही जाता जाता सांगून टाकतो.

वजनाच्या आकड्यांबद्दलही थोडे. कळेवर एकेक नाणे रचत जायचे आणि कितव्या नाण्याला कळ खाली जाते ते पाहायचे, ही घरगुती पद्धत मीही वापरतो. पण तिच्यातून मिळणारा आकडा एकाच क्षणाचा असतो. मॉडेल एमची, म्हणजे वाकणाऱ्या स्प्रिंगच्या त्या आयबीएम कीबोर्डची, कळ साधारण ६५ ते ७० ग्रॅमला वाकते आणि चेरीचा काळा स्विच २ मिलिमीटर खोलीवर सुमारे ६० ग्रॅमला नोंद करतो, एवढे वाचून पहिला जड ठरवणे घाईचे होईल. स्प्रिंग वाकली की पहिल्याचा विरोध एकदम ढासळतो, तर दुसऱ्याचा ४ मिलिमीटरच्या तळापर्यंत वाढतच जातो. दिवसभर टाइप करणाऱ्या, कळ तळाला आपटणाऱ्या माणसाच्या बोटांना संध्याकाळी दुसराच अधिक जड वाटला तर त्यात नवल नाही.

पिवळेपणावरून वय ठरवण्याचा लेखातील सल्लाही सोडून दिलेला बरा. एबीएस जातीचे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडते, पीबीटी जातीचे सहसा पडत नाही. त्यामुळे एकाच कीबोर्डवर पीबीटीच्या कळा पांढऱ्या आणि एबीएसचा स्पेसबार तेवढा पिवळा, असे सर्रास दिसते.

अशी क्रमवारी पुन्हा कधी छापली, तर प्रत्येक स्विचपुढे तो कीबोर्ड कोणत्या वर्षाचा, तो उघडून साफ केला होता का, आणि परीक्षणासाठी नेमकी कोणती कळ दाबली, एवढ्या तीन गोष्टी अवश्य द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक कीबोर्ड-संग्राहक

ता. क. लेखासोबतच्या छायाचित्रातील मॉडेल एम ‘मधूनच मऊ लागतो’ असे खाली लिहिले आहे. तो दोष स्प्रिंगचा नसावा. त्या कीबोर्डची प्लास्टिकची चौकट आतल्या पोलादी पत्र्याला प्लास्टिकच्याच रिबिटांनी जोडलेली असते आणि वयोमानाने त्या रिबिटांची डोकी तुटतात. तो हळूच कानाजवळ हलवून पाहावा. आत बारीक खडखड ऐकू आली, तर रिबिटांच्या जागी छोटे बोल्ट बसवले की तो पुन्हा ताठ होईल.