साथीचं प्लॅनिंग एआयने करा, पण कोकण सोडून नको

संपादक महोदय,
पुढच्या साथीचं प्लॅनिंग एआयने करायचं असं हल्ली वाचायला मिळतं, आणि व्हायलाच हवं ते, कारण कॅनडातल्या ब्लूडॉट कंपनीच्या सिस्टीमने ३१ डिसेंबर २०१९ लाच वुहानच्या न्यूमोनियाचा इशारा दिला होता. पण लोक गूगलवर काय शोधतात त्यावरून फ्लूची साथ ओळखणाऱ्या गूगल फ्लू ट्रेंड्सचे २०१२-१३ चे अंदाज खूपच जास्त निघाले, तेही विसरू नका.

आता आपल्याकडचं बघा. मे २०२० मध्ये चाकरमानी मुंबईहून गावी आले, शाळांमध्ये क्वारंटाईन झाले, आणि लगेच ३ जूनला निसर्ग वादळ, दापोली-मंडणगडात लाईट नाही, रेंज नाही, मग डेटा भरणार कोण? मॉडेलला रिकामा रकाना म्हणजे पेशंटच नाहीत असं वाटणार ना! बेड, ऑक्सिजन, अँब्युलन्स सगळं शहराकडे वळणार आणि वाडीतली एकटी म्हातारी माणसं राहणार तशीच, याची मला खरंच भीती वाटते.

म्हणून गणपती-शिमग्याची ये-जा, सिंधुदुर्गातला माकडताप, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), हे सगळं त्या मॉडेलमध्ये घाला, आशाताईंच्या वहीतली नोंदपण धरा. आणि कुठल्या गावाला काय आणि का मिळणार ते ग्रामपंचायतीच्या बोर्डावर मराठीत लावा.

– एक वाचक, दापोली