किती जण वर्षभर टिकले? : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,

सादर नमस्कार.

गेली 11 वर्षे मी मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग सांभाळते आहे. पाचवी ते दहावीची मुले येतात. शिकवायला महाविद्यालयात जाणारी मुले-मुली येतात, कामावरून सुटून थेट येणारी माणसे येतात, काही निवृत्त मंडळी आहेत. मुले त्यांना ताई, दादा, आजी म्हणतात. मागे पडलेल्या मुलांना हात द्यायला समाजाने पुढे यावे, असे आवाहन तुमच्या आधीच्या मंत्र्यांनीही केले आणि तुम्हीही करता. आवाहन मनापासूनचे असते, याबद्दल मला शंका नाही. लोक पुढेही येतात. ते आल्यानंतर काय होते, ते तुमच्या कानावर घालावे म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी एक वजाबाकी सांगते. 503 वजा 278. सातवीतल्या एका मुलीने उत्तर लिहिले 375. तिच्या जुन्या वह्यांत अशा उत्तरांवर फुल्याच फुल्या होत्या आणि 'सराव करा' असा शेराही होता. सराव ती करतच होती. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी फुली न मारता तिला एवढेच विचारले, "कसं केलंस ते मला सांगशील?" ती म्हणाली, "आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, पाचातून दोन गेले तीन." एकही आकडा तिने चुकीचा मोजला नव्हता. लहान संख्येतून मोठी जात नाही, असे तिला कधीतरी कुणीतरी सांगितले होते. तिने तो नियम प्रत्येक अंकाला इमानेइतबारे लावला होता, आणि जितका सराव करत होती तितका तो पक्का होत चालला होता. आजींनी काड्यांच्या जुड्या काढल्या. शेजारच्या घरात शून्य असेल तर हातचा कुठून आणायचा, हे तिने शंभराची जुडी स्वतःच्या हाताने सोडून पाहिले. दोन आठवडे लागले. पुढे तिचे दशांश अपूर्णांक सुटायला लागले, कारण अडलेले पाऊल तिथेच होते.

भरलेल्या वर्गात कोणत्याही शिक्षकाला हे जमणार नाही, आणि त्यात शिक्षकांचा दोष नाही. एका मुलाशेजारी एक मोठे माणूस पंधरा मिनिटे बसले, की मुलाच्या डोक्यात काय चालले आहे ते ऐकू येते. शिकवणी चालते ती यामुळे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1984 मध्ये लिहिले, की एकास एक शिकवणी मिळालेले सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या 98 टक्के मुलांच्या पुढे जाते. पुढच्या अभ्यासांत परिणाम इतका मोठा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण 2020 मध्ये निकोव, ओरिओपोलस आणि क्वान या संशोधकांनी शिकवणीवरचे 96 प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा शालेय शिक्षणात इतका भरवशाचा दुसरा उपाय क्वचितच सापडेल, असेच चित्र पुढे आले. त्याच अभ्यासात एक गोष्ट आहे जी आम्हा स्वयंसेवकांना बोचते. शिक्षकांनी किंवा नेमून, प्रशिक्षण देऊन कामाला लावलेल्या साहाय्यकांनी घेतलेल्या शिकवणीचा परिणाम स्वयंसेवकांच्या शिकवणीपेक्षा जास्त होता. शाळेच्या वेळात झालेली शिकवणी शाळा सुटल्यानंतरच्या शिकवणीपेक्षा सरस ठरली. आम्ही स्वयंसेवक आहोत आणि आमचा वर्ग संध्याकाळी भरतो. तरीही हे तुम्हाला सांगते, कारण माझी मागणी यातूनच निघते.

आता एका मुलाबद्दल. आठवीत होता, बोलायचा कमी. त्याला शिकवायला एक दादा यायचा. हुशार, मनमिळाऊ, मुलांत रमणारा. अपूर्णांकांपासून सुरुवात झाली आणि महिन्याभरात मुलगा त्याच्याशी घरातल्या गोष्टी बोलायला लागला, ज्या तो आमच्यापैकी कुणाशीही बोलला नव्हता. मग दादाची परीक्षा आली, नंतर त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली. त्याने मला फोन करून कळवले. मुलाला कळवायचे राहून गेले. त्यानेही नाही कळवले आणि मीही नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन वर्गांचे काम होते. मुलगा वही घेऊन पायरीवर बसायचा. दुसरे कुणी शिकवायला बसले की म्हणायचा, "दादा येणारे." चार आठवडे तो असा बसला. पाचव्या आठवड्यापासून तो यायचा बंद झाला. मी घरी गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, "तो म्हणतो, मला काही येत नाही म्हणूनच ते सोडून गेले."

ही चूक माझी होती. पण ही एकट्या माझ्या वर्गातली गोष्ट नाही. बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ही अमेरिकेतली मेंटॉरिंगची, म्हणजे एकेका मुलाला सोबत आणि मार्गदर्शन करणारा मोठा माणूस जोडून देण्याची, जुनी संस्था. तिच्या कामाचा 1995 मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना मेंटॉर मिळाला, त्यांच्यात अमली पदार्थांकडे वळण्याचे प्रमाण प्रतीक्षायादीतल्या मुलांपेक्षा 46 टक्क्यांनी कमी दिसले. हा आकडा भाषणांत पुष्कळदा येतो. याच मुलांची माहिती पुढे जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी नाते किती काळ टिकले यानुसार वेगळी करून पाहिली. त्यांचा 2002 चा निष्कर्ष मात्र भाषणांत येत नाही. ज्यांचा मेंटॉर वर्षभर किंवा जास्त टिकला, त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. ज्यांचे नाते तीन महिन्यांच्या आत तुटले, त्यांचा स्वतःवरचा आणि आपल्याला अभ्यास जमतो यावरचा विश्वास मेंटॉर न मिळालेल्या मुलांपेक्षाही खाली गेला.

म्हणजे येऊन लवकर निघून जाणारा माणूस मुलाला आधी होते त्याहूनही मागे ढकलू शकतो. हे वाचले तेव्हा तो पायरीवर बसलेला मुलगा डोळ्यांसमोर आला आणि मला पुढे वाचवेना.

म्हणून माझी मागणी अशी. किती स्वयंसेवकांनी नोंदणी केली हा आकडा जाहीर करणे थांबवा. त्याऐवजी दरवर्षी हा आकडा जाहीर करा, की ज्यांना एखादे मूल सोपवले होते, त्यांतले किती जण वर्षभर त्याच मुलासोबत राहिले. आणि हा आकडा वाढावा म्हणून प्रत्येक केंद्रावर पूर्णवेळ, पगारी समन्वयक नेमा.

लोकसहभाग म्हणजे बिनखर्चाचे काम, असा एक समज सगळीकडे आहे. माझ्या वर्गात कोण का सोडून जाते, हे मी इतकी वर्षे पाहते आहे. उत्साह संपला म्हणून फार थोडे जातात. पहिल्या दिवशी कुणी ओळख करून दिली नाही, मूल गप्प बसले तर काय करायचे हे सांगितले नाही, दोनदा येऊन मूल गैरहजर निघाले आणि आधी कुणी कळवले नाही, आपण करतो त्याचा उपयोग होतो आहे की नाही हेच समजले नाही, या कारणांनी माणसे जातात. ही सगळी कामे कुणीतरी करायची असतात. मुलाला जुळेल असा माणूस शोधायचा. पहिले तीन आठवडे शेजारी बसून पाहायचे. महिन्यातून एकदा प्रत्येकाशी निवांत बोलायचे. कुणाला थांबावे लागले तर मुलाला समोर बसवून निरोप द्यायचा आणि नवा माणूस त्याच दिवशी भेटवायचा. नोकरी, घर सांभाळून हे काम फावल्या वेळात होत नाही. मी करून पाहिले आहे, आणि एक मूल गमावले आहे.

मुलांच्या सुरक्षिततेचे कामही यातच येते. येणाऱ्या प्रत्येक माणसाची चौकशी, त्याला ओळखणाऱ्या दोघांशी बोलणे, बंद दाराआड एकटे मूल आणि एकटा मोठा माणूस कधीही असणार नाही हा नियम, आणि मुलाला काही खटकले तर सांगायचे कुणाला, हे त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असणे. यात सवलत नको. आमच्यासारख्या ओळखीपाळखीतून उभ्या राहिलेल्या वर्गांनाही नको.

समाजाचा पाठिंबा मिळवायला सभा घ्या, असे नेहमी सुचवले जाते. सभांबद्दल एक प्रयोग जरूर पाहावा. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 280 गावांमध्ये अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. काही गावांत फक्त सभा झाल्या आणि लोकांना शाळेविषयीचे त्यांचे अधिकार समजावले. काही गावांत लोकांना मुलांचे वाचन स्वतः तपासायलाही शिकवले. काही गावांत यापुढे जाऊन गावातल्याच तरुणांना वाचन शिकवण्याचे थोडे प्रशिक्षण दिले आणि त्यांनी वर्ग घेतले. नुसत्या सभा आणि माहितीने मुलांच्या शिकण्यात काही फरक पडला नाही. तरुणांच्या वर्गांना जी मुले आली, ती वाचायला शिकली. म्हणजे तरुण पुढे आले, मुलेही शिकली. पण त्या गावांतली जेमतेम 8 टक्के मुले वर्गाला आली.

त्या 8 टक्क्यांवर मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या मुलाला सगळ्यात जास्त गरज असते, तेच संध्याकाळी येत नाही. त्याला घरचे काम असते, धाकटे भावंड असते. अंधार पडल्यावर मुलीला परत कोण आणणार हा प्रश्न असतो. 'जादा वर्गाला जाणारे' म्हणजे ढ, असे बाकीची मुले म्हणतात. एका वडिलांनी मला सरळ विचारले होते, "माझ्या मुलात काय कमी आहे?" त्या दिवसापासून मी वर्गाला 'मागे पडलेल्यांसाठी' हे शब्द लावणे बंद केले आणि पुढे असलेल्या मुलांनाही धाकट्यांना शिकवायला बसवले. शिकवणाऱ्या मुलाचाही विषय पक्का होतो, हे कोहेन आणि कुलिक या संशोधकांनी 1982 मध्ये केलेल्या अशा अभ्यासांच्या संकलनातही दिसते. आमच्याकडे आता कोण शिकायला आले आणि कोण शिकवायला, हे बाहेरून बघणाऱ्याला ओळखता येत नाही. ते वडील आता दर गुरुवारी स्वतः मुलींना घरी सोडायला येतात.

पण खरा उपाय शाळेच्या वेळातच आहे, आणि तो तुमच्या हातात आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने बालसखी कार्यक्रम चालवला. वस्तीतलीच शिकलेली तरुणी, थोडे प्रशिक्षण, थोडे मानधन, आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी शाळेच्या वेळातलेच दोन तास. पुस्तकात धडा कुठवर आला आहे ते न पाहता मूल जिथे आहे तिथून सुरुवात. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वात मागे असलेल्यांचे सर्वात जास्त वाढले. मूल तिथे आपणहून हजर असते, त्याला वेगळे यावे लागत नाही. वेळापत्रकात रोजचा एक तास यासाठी राखून द्या आणि आम्हाला त्या तासाला आत येऊ द्या. शिक्षकांना आम्ही परके वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे. कोणते मूल कुठे अडते हे त्यांच्याशी बोलायला आठवड्यातून अर्धा तास मिळाला, तर हे परकेपण उरणार नाही. आमच्या भागातल्या एका शाळेत ते उरलेले नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशा कामाचे गुण देण्याची कल्पना मला अर्धीच पटते. सत्र संपले की गुण मिळतात आणि माणूस जातो, आणि मूल पुन्हा पायरीवर बसते. द्यायचेच असतील तर पूर्ण वर्ष राहिलेल्यालाच द्या. नोकरदारांसाठी, आठवड्यातून दोन तास लवकर निघण्याची सवलत त्यांच्या कार्यालयाने दिली, तर तुमच्या प्रमाणपत्रापेक्षा तिचा उपयोग कितीतरी जास्त होईल. सुरुवात सरकारी कार्यालयांपासून करता येईल.

इंग्लंडने 2020 मध्ये राष्ट्रीय शिकवणी कार्यक्रम सुरू केला. भरपूर निधी होता, इरादा चांगला होता. 2024 मध्ये निधी संपला आणि कार्यक्रम बंद झाला. दोन-तीन वर्षांचा निधी जाहीर करणार असाल, तर त्याच दिवशी चौथ्या वर्षी काय होणार तेही जाहीर करा. माणसे कोणत्या भरवशावर उभी राहायची ते तेव्हाच ठरवतात.

शेवटी एक छोटी गोष्ट. शाळा सुटल्यावर वर्गखोल्यांना कुलूप लागते. किल्ली मिळवायला मी तीन वेळा अर्ज केला. दर वेळी उत्तर आले, की वरून आदेश नाही. समन्वयकांची पदे मंजूर व्हायला वेळ लागेल, हे मला समजते. किल्लीचा आदेश एका सहीचा आहे. 375 उत्तर लिहिणारी ती मुलगी आता नववीत आहे आणि पाचवीतल्या तिघींना हातचा शिकवते. बसायला जागा नाही म्हणून त्या चौघी जिन्यात बसतात, आणि कुणी वर-खाली जायला आले की काड्यांच्या जुड्या गोळा करून बाजूला होतात.

आपली नम्र,
अभ्यासवर्गाची एक समन्वयक